एआय, कॉपीराइटचे खटले आणि कलाकाराने सही केलेला कागद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुखपृष्ठे करणारे, दिवाळी अंकांत रेखाटने देणारे, डबिंग करणारे, गाणारे, लिहिणारे अशा मंडळींकडून गेली दोन-तीन वर्षे तेच ते प्रश्न येत आहेत. बातम्या अमेरिकेतल्या कंपन्यांच्या खटल्यांच्या असतात आणि विचारणाऱ्याला काळजी असते ती पुढच्या महिन्यातल्या कामाची. म्हणून दोन्ही गोष्टी इथे एकत्र घेतल्या आहेत. रक्कम मोठी असेल, तर हे वाचून थांबू नका, वकील गाठा.

डिस्नेसारखी बलाढ्य कंपनी एआय कंपनीला कोर्टात खेचते, म्हणजे ती आपल्याच बाजूने लढते ना?

नाही. ती स्वतःच्या मालमत्तेसाठी लढते.

जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल यांनी लॉस एंजेलिसच्या फेडरल कोर्टात मिडजर्नी या चित्रे बनवून देणाऱ्या एआय कंपनीवर दावा लावला. सप्टेंबरमध्ये वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीनेही वेगळा दावा लावला. आमची पात्रे मागितली की मिडजर्नी ती हुबेहूब काढून देते, ही तक्रार. वॉर्नरच्या यादीत सुपरमॅन आहे.

आता या सुपरमॅनचेच बघा. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी तो घडवला आणि १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला लिहून दिले. पुढे त्यावर मालिका निघाल्या, खेळणी निघाली, सिनेमे निघाले. दोघांनी कोर्टात धाव घेतली, हरले, हलाखीत राहिले. १९७५ मध्ये मोठा सिनेमा येऊ घातला असताना वर्तमानपत्रांत बोभाटा झाला, तेव्हा कुठे वॉर्नरने दोघांना वार्षिक पेन्शन आणि पात्राचे जनक म्हणून नाव देऊ केले. त्याच पात्राच्या जोरावर आज कंपनी कोर्टात उभी आहे. ती जिंकली तर भरपाई तिच्या खात्यात जाईल. स्टुडिओत बसून आज ते पात्र रंगवणाऱ्याचा त्यावर हक्क नाही, कारण नोकरीत केलेल्या कामाचा मालक तिथे कंपनी असते.

फायदा अगदीच नाही असे नाही. मोठ्यांनी खटले जिंकले, तर परवाना घेतल्याशिवाय काम वापरता येत नाही असा पायंडा पडेल आणि तो लहान कलाकारालाही दाखवता येईल. पण ही लढाई दोन मालकांमधली आहे, हे धरून चाला.

म्हणजे या कंपन्या एआयच्या विरोधात नाहीतच?

त्यांना एआय नको आहे असे नाही, फुकटचे एआय नको आहे. डिसेंबर २०२५ मध्ये डिस्नेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयमध्ये एक अब्ज डॉलर गुंतवण्याची आणि आपली २०० हून अधिक पात्रे त्यांच्या व्हिडिओ साधनाला परवान्याने देण्याची घोषणा केली. त्याच सुमारास गूगलला मात्र नोटीस धाडली. एकीकडे परवाना, दुसरीकडे नोटीस. भाव असाच ठरतो.

संगीतात तेच झाले. जून २०२४ मध्ये युनिव्हर्सल म्युझिक, सोनी म्युझिक आणि वॉर्नर म्युझिक या तिन्ही बड्या कंपन्यांनी सुनो आणि उडिओ या गाणी बनवणाऱ्या एआय कंपन्यांवर दावे लावले. ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिव्हर्सलने उडिओशी तडजोड केली, नोव्हेंबरमध्ये वॉर्नरने दोघांशीही. कालचे प्रतिवादी आज भागीदार झाले. कलाकाराची संमती असेल तरच त्याचे काम वापरू, अशी भाषा घोषणांत आहे. संमती कोणत्या कागदावर आणि वाटा किती, हे बंद दारामागे ठरते.

एआय माझे चित्र चोरते म्हणजे नेमके काय करते?

स्टेबल डिफ्यूजन हे चित्रे बनवणारे एआय मॉडेल ज्या संग्रहातून शिकले, तो लायन-५बी. त्यात ५८५ कोटी चित्रांचे दुवे आणि त्यांची वर्णने होती. संग्रहात चित्र नसते, पत्ता असतो. शिकवणारी कंपनी त्या पत्त्यावरून चित्र उतरवून घेते, म्हणजे इथे एक प्रत होते, आणि कायद्याचा पहिला प्रश्न या प्रतीबद्दल आहे. मग ते चित्र दाखवून मॉडेलमधले आकडे थोडे थोडे बदलत नेतात. शेवटी उरतात ते आकडे. मूळ चित्र त्यात फाइलसारखे ठेवलेले नसते, पण जे चित्र पुन्हा पुन्हा दाखवले गेले ते जवळजवळ तसेच्या तसे बाहेर पडू शकते. दुसरा प्रश्न याबद्दल आहे. तिसरा प्रश्न कायद्याचा कमी आणि पोटाचा जास्त: तुमच्या कामावर शिकलेले यंत्र तुमच्याच गिऱ्हाइकाला तुमच्यासारखे चित्र देते. ग्रेग रुत्कोव्स्की या पोलिश चित्रकाराचे नाव लोक प्रॉम्प्टमध्ये (यंत्राला द्यायच्या सूचनेत) इतक्या वेळा टाकू लागले की इंटरनेटवर त्याचे नाव शोधले तर त्याची नसलेली चित्रे समोर येऊ लागली.

बातम्यांत हे तिन्ही प्रश्न एका 'चोरी' शब्दात कोंबले जातात. कोर्ट मात्र ते वेगवेगळे तपासते आणि तीन वेगळी उत्तरे देऊ शकते.

कोर्टांनी आतापर्यंत काय सांगितले?

एकमत नाही.

जून २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एकाच आठवड्यात दोन निकाल आले. अँथ्रॉपिक या एआय कंपनीविरुद्ध लेखकांच्या खटल्यात न्या. विल्यम आल्सप म्हणाले की विकत घेतलेली पुस्तके स्कॅन करून त्यावर मॉडेल शिकवणे हा 'फेअर यूज' (परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर) आहे. पायरेटेड साइटवरून उतरवलेल्या लाखो पुस्तकांचा साठा करणे मात्र नाही. मेटाविरुद्धच्या खटल्यात न्या. विन्स छाब्रिया यांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला, पण सोबत बजावले की हा निकाल समोरच्या १३ लेखकांपुरता आहे आणि त्यांच्या वकिलांनी योग्य मुद्दा नीट मांडलाच नाही. तो मुद्दा म्हणजे एआयच्या मालाने बाजार भरून जाऊन मूळ लेखकाची विक्री बुडणे. माझ्या मते कलाकारांच्या दृष्टीने या सगळ्यातला सर्वांत कामाचा मजकूर हा हरलेल्या खटल्यातच आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपात दोन निकाल लागले. लंडनच्या हायकोर्टात गेटी इमेजेस ही छायाचित्रे पुरवणारी कंपनी स्टेबल डिफ्यूजन बनवणाऱ्या स्टेबिलिटी एआयविरुद्ध बहुतांशी हरली. प्रशिक्षण ब्रिटनमध्ये झाल्याचे दाखवता न आल्याने तो मुद्दा तिने आधीच सोडला होता; उरला तो तिच्या वॉटरमार्कबद्दलचा किरकोळ विजय. त्यानंतर आठवड्याभरात म्युनिकच्या कोर्टाने गेमा या संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणाऱ्या हक्कसंस्थेच्या बाजूने ओपनएआयविरुद्ध निकाल दिला: गाण्याचे शब्द मॉडेलला पाठ असणे आणि विचारल्यावर त्याने ते ओकणे हे उल्लंघन आहे.

लेखकांना दीड अब्ज डॉलर मिळाले म्हणे. मराठी लेखकाला त्यातले काही?

अँथ्रॉपिकने पायरेटेड पुस्तकांचा मुद्दा दीड अब्ज डॉलरला मिटवला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला कोर्टाची प्राथमिक मंजुरी मिळाली. सुमारे पाच लाख पुस्तके, प्रत्येकी साधारण तीन हजार डॉलर, म्हणजे अडीच लाख रुपयांच्या आसपास.

पण अट वाचा. पुस्तक अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसात ठरावीक मुदतीत नोंदवलेले हवे. मराठी पुस्तकाची नोंदणी वॉशिंग्टनला कोण करतो? उतरवलेल्या लाखो फाइलींपैकी बहुतेकांचे लेखक याच चाळणीत गळाले, त्यात अमेरिकनही आहेत. जे चाळणीत टिकले, त्यांच्या रकमेतही बऱ्याचदा प्रकाशकाचा वाटा आहे, आणि तो किती, ते जुना करार ठरवतो. या पानावर कराराचा विषय सारखा येणार आहे, कंटाळू नका.

चित्रकारांनी, कलाकारांनी स्वतःहून काही मिळवले आहे का?

मिळवले, पण कोर्टापेक्षा संपातून जास्त.

२०२३ मध्ये हॉलिवूडच्या पटकथालेखकांचा संप १४८ दिवस चालला आणि अभिनेत्यांचा ११८ दिवस. लेखकांनी लिहून घेतले की एआय वापरण्याची सक्ती त्यांच्यावर करता येणार नाही आणि एआयच्या मजकुराला लेखकाचा दर्जा मिळणार नाही. अभिनेत्यांनी लिहून घेतले की त्यांची डिजिटल प्रतिकृती बनवायची तर आधी संमती आणि वर मोबदला. हे कलम कॉपीराइट कायद्यातले नाही, सामूहिक करारातले आहे. ज्याच्या मागे संघटना नाही त्याला ते मिळत नाही. पुस्तकांची चित्रे काढणारा घरी एकटा बसून काम करतो, संप तो कोणाविरुद्ध करणार?

कोर्टाच्या वाटेने गेल्या त्या सारा अँडरसन, केली मॅकर्नन आणि कार्ला ऑर्टिझ. जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी स्टेबिलिटी एआय, मिडजर्नी आणि चित्रांचे संकेतस्थळ डेव्हियंटआर्ट यांच्यावर दावा लावला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्या. विल्यम ऑरिक यांनी काही मुद्दे काढून टाकले आणि कॉपीराइटचे मुख्य मुद्दे पुढे चालू दिले. कंपन्यांच्या गदारोळात हा खटला मागे पडतो, पण लक्ष ठेवायचे तर यावर ठेवा. इथे वादी म्हणून चित्रकार स्वतः उभे आहेत.

भारतात काय चालले आहे?

दिल्ली हायकोर्टात एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयवर दावा लावला. मग त्यात पुस्तक प्रकाशकांची संघटना आली, वृत्तपत्रांच्या डिजिटल आवृत्त्या आल्या, संगीत कंपन्या आल्या. पुन्हा मालकच. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अमेरिकेसारखा ऐसपैस 'फेअर यूज' नाही. कलम ५२ मध्ये खासगी वापर, संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त असे मोजके अपवाद आहेत. एआयला शिकवणे त्यांत बसते का, हा वादाचा विषय.

दुसरीकडे केंद्राच्या उद्योगसंवर्धन विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एक प्रस्ताव मांडला. कायदेशीर मार्गाने हाती आलेल्या कुठल्याही कामावर एआय शिकवायला सरसकट परवानगी, नकार देण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि बदल्यात कंपन्यांनी उत्पन्नाच्या टक्केवारीने रॉयल्टी एका मध्यवर्ती संस्थेत भरायची. नॅसकॉम या आयटी कंपन्यांच्या संघटनेने समितीतच विरोध नोंदवला. त्यांना पैसे न देता वापरण्याची सूट हवी होती.

रॉयल्टी ऐकायला बरी वाटते. पण वाटप हक्कसंस्थांमार्फत होणार, तर तुमची हक्कसंस्था कुठली? गीतकार-संगीतकारांची आहे, गायकांची आहे. चित्रकारांची, सुलेखनकारांची, मुखपृष्ठकारांची अशी नोंदणीकृत संस्था भारतात नाही. आणि संस्था असली म्हणून पैसा कलाकाराकडे पोहोचतो असेही नाही. गीतकार-संगीतकारांच्या संस्थेवर म्युझिक कंपन्यांचा वरचष्मा झाल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत्या आणि २०१२ मध्ये कायदा बदलून रॉयल्टीतला गीतकार-संगीतकारांचा वाटा वारस किंवा हक्कसंस्था सोडून कोणाला लिहून देता येणार नाही, अशी तरतूद करावी लागली. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी भांडले. चित्रकारांच्या बाजूने तिथे कोणी नव्हते, आजही नाही.

माझे चित्र मी काढले, म्हणजे कॉपीराइट माझाच ना?

बहुधा. पण खात्री करा. पीक तुम्ही घेतलेत म्हणून रान तुमचे होत नाही, सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघावे लागते.

नोकरीत असाल, तर कलम १७ प्रमाणे कॉपीराइटचा पहिला धनी म्हणजे नोकरी देणारा मालक. वर्तमानपत्रात किंवा मासिकात नोकरीला असाल तर थोडी सवलत आहे: छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकीचा तुमचा, उलट करार नसेल तर. दैनिकात नोकरी करणाऱ्या अनेक व्यंगचित्रकारांना हे ठाऊकच नसते आणि व्यवस्थापन ते सांगायला जात नाही.

फ्रीलान्स असाल तर आणखी सावध. पैसे देऊन काढून घेतलेले छायाचित्र, पेंटिंग, पोर्ट्रेट यांचा पहिला मालक पैसे देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. पुस्तकातले रेखाटन या शब्दांत येते की नाही यावर वाद घालता येईल. पण ती वेळ येऊच का द्यायची? दोन ओळींचा कागद करा, 'कॉपीराइट चित्रकाराकडे' असे लिहा, संपले.

हक्क लिहून दिले असतील तरी सगळे गेले असे नाही. काही कलमे तुमच्या कामाची आहेत:

हक्क सोपवायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागते. फोनवर 'हो, हो, वापरा' म्हटल्याने मालकी जात नाही. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. घेणाऱ्याने एका वर्षात हक्क वापरलाच नाही, तर करारात वेगळे म्हटले नसल्यास तो परत येतो.

आणि कलम १८ मधली २०१२ ची भर. करार झाला तेव्हा अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेल्या माध्यमाला किंवा वापराच्या प्रकाराला तो करार लागू होत नाही, जर तसे स्पष्ट लिहिले नसेल. आता विचार करा: २०१५ मध्ये तुम्ही एका प्रकाशकाला पन्नास चित्रांचे हक्क दिले. आज तो ती चित्रे एआय कंपनीला शिकवणीसाठी विकू शकतो का? एआयची शिकवणी हा नवा 'वापराचा प्रकार' आहे असे तुम्ही ठामपणे म्हणू शकता. यावर कोर्टाची मोहोर अजून नाही, पण मुद्दा जोरकस आहे. प्रकाशकांच्या वकिलांनाही तो कळला आहे. म्हणूनच आजकाल येणाऱ्या इंग्रजी करारांत 'नाउ नोन ऑर हिअरआफ्टर डिव्हाइज्ड' (आज माहीत असलेले किंवा पुढे निघणारे कुठलेही माध्यम) आणि 'मशीन लर्निंग' (यंत्राला शिकवणे) हे शब्द गुपचूप येऊन बसलेले दिसतात. सही करण्याआधी फाइलमध्ये हे शब्द शोधा.

सगळे हक्क दिले तरी माझ्या कामाची मोडतोड थांबवता येते का?

चित्रकाराला, लेखकाला, संगीतकाराला येते. कलम ५७. मालकी गेली तरी नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा आणणारी मोडतोड रोखण्याचा हक्क उरतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे विज्ञान भवनातले भित्तिशिल्प सरकारने उखडून गोदामात टाकले होते. दिल्ली हायकोर्टाने २००५ मध्ये त्याचे अवशेष त्यांना परत द्यायला लावले आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. तेव्हा तुमच्या चित्रातला चेहरा कोणी एआयने बदलून छापला, तर हे कलम हातात आहे.

सिनेमा दिग्दर्शकाला मात्र ते नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा' या २०१३ च्या सिनेमाची तमीळ आवृत्ती निर्माती कंपनी इरॉसने एआय वापरून, शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित केली; मूळ शेवट दुःखान्त, नवा सुखान्त. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष दोघांनी जाहीर निषेध केला. कंपनी म्हणाली, हक्क आमचे. आपल्या कायद्यात सिनेमाचा 'कर्ता' म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाला कर्त्याचा दर्जाच नसल्याने कलम ५७ त्याच्या उपयोगी पडणे कठीण. मराठी सिनेमावाल्यांनी या प्रकरणावर फारसा आवाज केला नाही याचे मला आश्चर्य वाटते. जुन्या मराठी सिनेमांचे हक्कही हात बदलत आलेच आहेत.

एआय माझी स्टाइल उचलते. त्याचे काय?

स्टाइलवर कॉपीराइट नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितले आहे की कल्पनेवर, विषयावर हक्क नसतो, मांडणीवर असतो. मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या पद्धतीची चित्रे बनवली, सरकारच्या मायगव्ह खात्यानेही पंतप्रधानांची टाकली, तेव्हा स्टुडिओ काही करू शकला नाही तो यामुळेच. (तेव्हा फिरलेले घिबलीचे दिग्दर्शक मियाझाकी यांचे 'हा जीवनाचा अपमान आहे' हे वाक्य २०१६ मधले, एका वेगळ्याच अ‍ॅनिमेशनच्या प्रात्यक्षिकाबद्दलचे.) खरे तर ही मर्यादा आपल्याही बाजूची आहे. स्टाइलवर मालकी मिळू लागली तर ती आधी मोठ्या स्टुडिओंना मिळेल आणि पहिली नोटीस तुम्हाला येईल.

आणि आवाज?

कॉपीराइट कायद्यात आवाज येत नाही, पण कोर्टांनी व्यक्तिमत्त्व-हक्काच्या वाटेने संरक्षण दिले आहे. मुंबई हायकोर्टाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. जॅकी श्रॉफ यांना दिल्ली हायकोर्टात 'भिडू' या शब्दासकट संरक्षण मिळाले.

हे सगळे नामवंतांचे. प्रसिद्धी हाच त्या हक्काचा पाया आहे. मालाडच्या स्टुडिओत कार्टूनचे डबिंग करणाऱ्या, नाव कोणालाच माहीत नसलेल्या कलाकाराने कोर्टात काय दाखवावे? त्याच्यासाठी करार हाच आधार. एक ओळ पुरते: 'हे ध्वनिमुद्रण फक्त अमुक कामासाठी. यावरून कृत्रिम आवाज बनवण्यास किंवा एआयला शिकवण्यास परवानगी नाही.' ओळ नको म्हणणारा स्टुडिओ नेमके तेच करायच्या बेतात आहे, असे समजायला हरकत नाही.

मुखपृष्ठाच्या करारात काय लिहू?

मराठीतच लिहा, चालते. नमुना: 'हे चित्र अमुक पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचे मुखपृष्ठ आणि त्याची जाहिरात यांसाठी वापरण्याची परवानगी देत आहे. स्वामित्वहक्क चित्रकाराकडे राहील. पुढील आवृत्त्या, ई-बुक, ऑडिओबुक यांसाठी वेगळे मानधन. एआय प्रणालीला शिकवण्यासाठी किंवा एआयने चित्रात बदल करण्यासाठी स्वतंत्र लेखी परवानगी आवश्यक.' खाली तारीख, मानधन, दोघांच्या सह्या.

संकोच वाटतो, ओळखीतले प्रकाशक आहेत, असे बरेच जण म्हणतात. ओळखीतल्याशी कागद सोपा होतो. अनोळखी माणूस त्यावर घासाघीस करतो.

प्रकाशक म्हणतात, 'एआयवर पाच मिनिटांत होते, कमी करा.' काय उत्तर देऊ?

भावनेचे नको, धंद्याचे द्या. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसची भूमिका स्पष्ट आहे: नुसत्या प्रॉम्प्टमधून निघालेल्या चित्राला कॉपीराइट नाही. आपल्या कायद्यात संगणकाने केलेल्या कामाचा कर्ता म्हणजे ते करवून घेणारा, असे कलम आहे, पण ते जुने आहे आणि आजच्या एआयवर तपासले गेलेले नाही. म्हणजे ते मुखपृष्ठ उद्या दुसऱ्याने उचलले, तर प्रकाशकाच्या हातात भक्कम काही नाही. ऐकणारे ऐकतील. न ऐकणाऱ्यांचे काम गेले, ते मान्य करून पुढे चला. त्या भावाला काम करून कोणाचेच भागत नाही.

मीच एआय वापरले तर?

वापरा किंवा नका वापरू, लपवू नका. तुमच्या हाताने झालेला भाग वेगळा दाखवता आला पाहिजे. थर असलेल्या मूळ फाइली आणि कच्ची स्केचेस ठेवा. 'हे काम पूर्णपणे माझे आहे' अशी हमी बहुतेक करारांत असते, ती खोटी ठरली तर भरपाई तुम्हाला द्यावी लागते.

वारलीसारख्या पारंपरिक कलेचे काय?

वारली चित्रकलेला २०१४ पासून भौगोलिक मानांकन आहे. ते नावाचे आणि मालाच्या उगमाचे रक्षण करते. यंत्राने वारलीसारखी चित्रे काढण्याला ते आडवे येत नाही. परंपरेवर कॉपीराइट नाही, पण डहाणूच्या एखाद्या चित्रकाराने आज काढलेल्या विशिष्ट चित्रावर त्याचा पुरेपूर कॉपीराइट आहे, आणि याची जाणीव पाड्यांवर पोहोचलेली नाही. मानांकनाचा हक्क कोण चालवतो तेही महत्त्वाचे. कोल्हापुरी चपलेसारखी चप्पल प्राडाने मिलानला दाखवली, त्यावरची जनहित याचिका मुंबई हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत धारक कोर्टात आलेच नव्हते.

ग्लेझ, नाइटशेड यांनी चित्र सुरक्षित राहते का?

शिकागो विद्यापीठात बनलेली ही मोफत साधने चित्रात डोळ्याला सहसा न दिसणारे बदल करतात, म्हणजे मॉडेल चुकीचे शिकते. वापरायला हरकत नाही. पण त्यावर मात करणाऱ्या पद्धतीही संशोधकांनी दाखवल्या आहेत. लहान आकारातच चित्र टाकणे आणि मूळ फाइल कोणालाही न देणे, एवढे तरी कराच.

माझे काम कुठेतरी वापरलेले सापडले. पहिले काय करू?

सोशल मीडियावर शिव्या घालायच्या आधी पुरावा घ्या: पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट, पत्ता आणि तारखेसह, आणि तुमची मूळ फाइल तिच्या तारखेसह. मग त्या संकेतस्थळाला लेखी तक्रार करा. कलम ५२ मध्ये सोय आहे की मालकाची तक्रार आल्यावर संकेतस्थळाने तो मजकूर २१ दिवस बंद ठेवायचा. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणजे घड्याळ तुमच्यावरही चालते.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही, चित्र काढले त्या क्षणी हक्क मिळतो. तरीही महत्त्वाच्या कामांची नोंदणी करून ठेवा. शुल्क साध्या कलाकृतीला ५०० रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो आणि पुरावा म्हणून कोर्टात कामी येतो. दिल्ली-मुंबईला खेटे घालावे लागतील म्हणून माघार घेऊ नका. कलम ६२ प्रमाणे वादी जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात कॉपीराइटचा दावा लावता येतो. सांगलीच्या चित्रकाराला तो सांगलीत लावता येतो, समोरची कंपनी कुठलीही असो.